'ला स्त्रादा': खड्याच्या प्रसंगाने जेल्सोमिनाला आधार दिला की तिला अडकवले?

वाटसरू

फेदेरिको फेलिनी यांचा १९५४ सालचा 'ला स्त्रादा' मी परवा तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा विशीत होतो, आणि शेवटी समुद्रकाठच्या वाळूत कोसळून रडणाऱ्या झाम्पानोबरोबर मीही रडलो होतो. दुसऱ्या खेपेला जेल्सोमिनाच्या चेहऱ्यापलीकडे मला काही दिसलेच नाही. या वेळी मात्र एका प्रसंगापाशी अडकलो आणि अजून तिथून निघालेलो नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावे, कारण शेवटापर्यंतचे सगळे इथे बोलावे लागणार आहे.

कथा थोडक्यात सांगतो. झाम्पानो छातीभोवती आवळलेली लोखंडी साखळी नुसत्या श्वासाच्या जोरावर तोडून दाखवत गावोगाव फिरतो. त्याच्याबरोबर असलेली रोझा मरण पावते, तेव्हा तो तिच्या घरी येतो आणि आईच्या हातावर दहा हजार लिरा ठेवून तिची बहीण जेल्सोमिना हिला घेऊन जातो. मोटारसायकलला जोडलेली ताडपत्रीची गाडी हेच त्या दोघांचे घर. पुढे दोघे एका सर्कशीत जातात. तिथला दोरावर चालणारा कलावंत, ज्याला सगळे 'इल मात्तो' म्हणजे 'वेडा' म्हणतात, झाम्पानोला सतत डिवचत राहतो. झाम्पानो सुरा घेऊन त्याच्या मागे धावतो आणि कोठडीत जातो.

आता तो प्रसंग. सर्कस मुक्काम हलवणार आहे आणि तिथली माणसे जेल्सोमिनाला आपल्याबरोबर चल म्हणत आहेत. रात्री मात्तो तिच्याशी बोलत बसतो. आधी थट्टा करतो. तुझे तोंड बाईच्या तोंडापेक्षा आर्टिचोकच्या गड्ड्यासारखे जास्त दिसते, म्हणतो. ती म्हणते की माझा कोणालाच काही उपयोग नाही, मला जगण्याचा कंटाळा आला आहे. तेव्हा तो जमिनीवरचा एक खडा उचलतो आणि सांगतो की जगात जे जे आहे ते कशाच्या तरी उपयोगाचे आहे, हा खडासुद्धा. कशाच्या ते मला ठाऊक नाही, पण हा निरुपयोगी असेल तर सगळेच निरुपयोगी, वरचे तारेदेखील. ती खडा हातात घेते, मान डोलावते आणि तिचा चेहरा उजळतो. मग ती सर्कशीबरोबर न जाता झाम्पानो सुटून येण्याची वाट पाहत थांबते, आणि त्याचा शेवट काय होतो ते आपल्याला ठाऊक आहे.

माझा प्रश्न असा, की या बोलण्याने मात्तोने तिला जगण्याचे बळ दिले, की निसटायची एकमेव संधी समोर असताना तिला परत त्याच गाडीत बसवले?

मृण्मयी

वाटसरू, मला हा प्रसंग दर वेळी अस्वस्थ करतो. मात्तोच्या मनात वाईट काही नाही, हे मान्य आहे. पण त्या रात्रीच्या बोलण्याचा निष्कर्ष काय निघतो? 'मी त्याच्याजवळ राहिले नाही, तर कोण राहणार?' हे वाक्य आपल्याकडे माहेरी परतलेल्या कितीतरी मुलींना ऐकवले गेले आहे. माझी एक मावशी मार सहन न होऊन माहेरी आली होती. तिला चार दिवस ठेवून घेतले आणि पाचव्या दिवशी आजीने 'तो तापट आहे, पण तुझ्याशिवाय त्याला आहे कोण?' असे म्हणत पितळी डब्यात लाडू भरून तिला एसटीत बसवून दिले. आजीचे तिच्यावर प्रेम नव्हते असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्या डब्याची कडी लावतानाचा आवाज मला अजून आठवतो, आणि तो खडा पाहिला की तोच आवाज ऐकू येतो.

झाम्पानो कुत्र्यासारखा आहे, त्याला बोलायचे असते पण तो फक्त भुंकतो, असे मात्तो म्हणतो. वाक्य सुंदर आहे. पण भुंकणाऱ्याला समजून घेण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी जिला चावा बसतो तिच्यावरच का यावी?

अनुस्वार

मृण्मयीताई, तुमच्या मावशीची हकीकत वाचून मन विषण्ण झाले. तरीही चित्रपटापुरते मी वेगळे मत मांडतो.

मात्तो तिला परत जा असे थेट सांगत नाही. झाम्पानोने तुला का ठेवून घेतले असेल, कदाचित त्याचा तुझ्यावर जीव असेल, एवढेच तो सुचवतो. 'मी नाही तर कोण' हा निष्कर्ष ती स्वतः काढते. शिवाय खडा हातात आल्यानंतर ती काय बोलते ते पुन्हा ऐकावे. एक दिवस काडी ओढून गाद्या, पांघरुणे, सगळे जाळून टाकीन, म्हणजे त्याला कळेल, असे ती म्हणते. इतका वेळ मुकाट राहिलेली ही मुलगी पहिल्यांदा मनापासून रागावते आहे. आपणही कोणीतरी आहोत एवढे कळल्याशिवाय असा राग येत नाही. आपले मूल्य पहिल्यांदा कळले आणि ते नेमके कुठे खर्च करावे याचा निर्णय चुकला, असे मी म्हणेन. पण मूल्य कळले हे खोटे ठरत नाही.

तिठा

रस्त्यावरून रात्री एकटाच चालत जाणारा तो घोडा कोणाला आठवतो का? माझ्या मनात संपूर्ण चित्रपटातून तोच उरला आहे.

प्राजक्त

तिठा, आठवतो तर! झाम्पानो खाणावळीतल्या बाईला गाडीत घालून निघून जातो, जेल्सोमिनाला इथेच थांब म्हणतो, आणि ती रात्रभर फुटपाथच्या कडेला बसून राहते. तेवढ्यात एक घोडा, मालक नाही की लगाम धरणारा कोणी नाही, टापा वाजवत तिच्या समोरून जातो. कथेत त्याचे काहीच काम नाही. पण तिच्याइतकेच टाकलेले आणखी एक जनावर त्या गावात आहे, हे बघणाऱ्याला शब्दांवाचून कळते.

जेल्सोमिना साकारणाऱ्या ज्युलिएत्ता मासिना यांच्याबद्दल मात्र मला अडचण आहे, ती स्पष्टपणे मांडते. डोळे विस्फारणे, ओठ मुडपणे, खांदे उडवत चालणे हे सगळे मला चॅप्लिनच्या इतके जवळचे वाटते की पहिला अर्धा तास मी त्या मुलीकडे न पाहता नटीकडेच पाहत होते. चित्रीकरणाच्या वेळी त्या तेहतिशीच्या घरात होत्या आणि मला ते जाणवत राहते. करुणा इतकी उघड मागितली की मी ती द्यायला कचरते.

जुनाजाणता

चर्चा उत्तम चालली आहे. मी सत्तरच्या दशकात मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला हा चित्रपट प्रथम पाहिला. १६ मिलिमीटरची प्रिंट होती, रीळ बदलताना दिवे लागत आणि त्या दोन मिनिटांत वाद सुरू होत. आमच्यातले निम्मे लोक फेलिनी यांच्यावर चिडलेले होते. भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, १९५२ साली, 'बायसिकल थीव्ह्ज'सारखे इटालियन चित्रपट दाखवले गेले होते आणि नववास्तववाद म्हणजे काय याची आमच्या आधीच्या पिढीची समज त्यातून तयार झाली होती. बेकारी, भूक, रस्त्यावरचा माणूस असा तो सगळा हिशेब होता. त्यात हा दोरावर पंख लावून चालणारा वेडा आणि ताऱ्यांशी नाते सांगणारा खडा कुठे बसवायचा, हे आम्हाला कळेना.

हा वाद आमचाच होता असे नाही. इटलीत ग्विदो अरिस्तार्को यांच्यासारख्या डाव्या समीक्षकांनी फेलिनी यांनी नववास्तववादाची वाट सोडली असा ठपका ठेवला होता, तर फ्रान्समध्ये आन्द्रे बाझाँ यांनी त्यांची बाजू घेतली. ज्या फेलिनी यांनी रोझेलिनी यांच्या 'रोम, ओपन सिटी'च्या पटकथेवर काम केले होते त्यांच्यावरच हा आरोप यावा, हे विशेष. १९५४च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला रौप्य सिंह मिळाला आणि व्हिस्कोन्ती यांच्या 'सेन्सो'ला काहीच मिळाले नाही, तेव्हा दोन्ही दिग्दर्शकांच्या समर्थकांत शिट्ट्यांपासून हातघाईपर्यंत प्रकरण गेले. त्याच वर्षी रौप्य सिंह मिळालेल्यांत कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' आणि मिझोगुची यांचा 'सान्शो द बेलिफ' हेही होते, यावरून स्पर्धा काय तोलाची होती ते ध्यानात यावे. पुढे परभाषी चित्रपटासाठी स्पर्धेतून दिले गेलेले पहिले ऑस्कर याच चित्रपटाला मिळाले.

मृण्मयी यांना एवढेच सांगतो, की त्या काळी आम्ही वर्गसंघर्षावर तासन्‌तास बोललो, पण दहा हजार लिरांना एक मुलगी विकली गेली या गोष्टीवर आमच्यापैकी कोणीही एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. पन्नास वर्षांनी तुमच्या प्रतिसादामुळे ते लक्षात आले.

मृण्मयी

जुनाजाणता काका, मनापासून आभार. आणि ती विक्रीही कशी, तर आई एका डोळ्याने रडत असते आणि दुसऱ्याने नोटा मोजत असते. तिच्या पाठीमागे आणखी लहान पोरी उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटात अन्न नाही. नववास्तववाद शोधणाऱ्यांना तो पहिल्या पाच मिनिटांतच सापडायला हवा होता.

सांद्र

प्राजक्त, मासिना यांच्याविषयी थोडे बोलायचे आहे. चॅप्लिनची छाया आहे, हे खरेच. पण शेतावरच्या लग्नाचा प्रसंग पाहा. अंगणात जेवणावळ चालू आहे, आणि पोरे तिला लपतछपत माडीवरच्या एका खोलीत नेतात, जिथे ओस्वाल्दो नावाचे आजारी मूल अंथरुणात जगापासून दडवून ठेवले आहे. त्याला हसव, असे पोरे तिला सांगतात. ती नेहमीच्या नकला सुरू करते, पण ते मूल हसत नाही, नुसते बघत राहते. मग ती थांबते, जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहते आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा खेळ गळून पडतो. नटी आपली सगळी हत्यारे खाली ठेवते तो हा क्षण. त्याआधीचे विस्फारलेले डोळे मला या क्षणासाठी हवेच होते, असे वाटते.

शिकवण्याचे दृश्यही पाहावे. 'झाम्पानो आला आहे!' अशी आरोळी ठोकत ताशा कसा वाजवायचा हे तो तिला शिकवतो आणि प्रत्येक चुकीला पायांवर शिमटी मारतो. ती ओरडत नाही, फक्त पाय आखडून घेते आणि पुन्हा तेच शब्द म्हणते. मासिना यांनी तिथे एकही जादा हावभाव केलेला नाही.

प्राजक्त

सांद्र, ओस्वाल्दोचा प्रसंग मी विसरले होते. तो आठवून माझा आक्षेप निम्मा उरला, पण उरला आहे.

कृष्णाकाठ

मी चित्रपटाचा अभ्यासक नाही, पण सर्कस जवळून पाहिली आहे, म्हणून लिहितो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी भारतातली पहिली सर्कस उभी केली. जुझेप्पे किआरिनी यांची इटालियन सर्कस भारतात आली होती. तिचे खेळ पाहिल्यावर आपल्याकडेही हे झाले पाहिजे या जिद्दीने छत्र्यांनी कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या आश्रयाने १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस'चा खेळ सुरू केला. म्हणजे जेल्सोमिना ज्या तंबूत जाते, त्याच्या एका दूरच्या पूर्वजाने आमच्या नदीकाठी मूळ धरले. हा चित्रपट मला परका वाटत नाही त्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण माझे चुलते. ते तरुणपणी सात वर्षे एका सर्कशीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होते. ते सांगत, की सर्कशीत नवीन माणूस आला की पहिले काही दिवस त्याला कोणी काम सांगत नाही, फक्त जेवायला हाक मारतात. जेवणाच्या हाकेला माणूस यायला लागला की तो सर्कशीचा झाला. मात्तोच्या त्या रात्री सर्कशीतल्या बायका जेल्सोमिनाला चल म्हणतात, तेव्हा मला ती जेवणाची हाकच ऐकू येते. मालक झाम्पानोला आणि मात्तोला, दोघांनाही काढून टाकतो, कारण धंद्यात सुरा निघाला की तंबू बदनाम होतो. पण तिला कोणीही दोष देत नाही. तिला तिथे दोन घास, एक तंबू आणि मोठे कुटुंब मिळत होते. वाटसरू यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की खड्याचे बोलणे कितीही मोठे असो, त्या रात्री तिला तत्त्वज्ञानापेक्षा त्या बायकांबरोबर गाडीत चढवून देणारा कोणीतरी हवा होता. मात्तोकडे तिला झाम्पानोकडे पोहोचवायला वेळ होता. त्याच गाडीतून तो तिला पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत सोडून येतो आणि जाताना गळ्यातली साखळी आठवण म्हणून देतो.

अनुस्वार

कृष्णाकाठ, हा मुद्दा बिनतोड आहे. मी तो आधी लक्षातच घेतला नव्हता. मात्र तिला सर्कशीत जायचे नव्हते, मात्तोबरोबर जायचे होते, असे त्या दृश्यात मला स्पष्ट दिसते. ती विचारू पाहते आणि तो हसण्यावारी नेतो. तो मरण जवळ आहे असे मानून जगणारा माणूस आहे. दोरावरून पडून मरेन आणि कोणी शोधायलाही येणार नाही, असे तोच म्हणतो. त्याला कोणालाही जवळ करायचे नाही. म्हणून तो तिला आपल्याऐवजी एक अर्थ देतो.

स्वरलीन

संगीताविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. नीनो रोता यांची ती धून आधी मात्तोच्या इवल्याशा व्हायोलिनवर ऐकू येते. मग जेल्सोमिना ती ट्रम्पेटवर शिकते आणि ती तिची होते. चार-पाच वर्षांनी झाम्पानो एका समुद्रकाठच्या गावात हातात आइस्क्रीम घेऊन चालला असताना कपडे वाळत घालणारी एक बाई तीच धून गुणगुणत असते. तिच्याकडूनच त्याला कळते, की तापाने फणफणलेली एक मुलगी माझ्या वडिलांना समुद्राकाठी सापडली होती, ती हे वाजवत असे आणि एका सकाळी उठलीच नाही. मात्तो मेला, जेल्सोमिना मेली, आणि दोघांचीही नावे माहीत नसलेल्या एका बाईच्या तोंडी धून राहिली. खड्याचा उपयोग काय, याचे उत्तर फेलिनी यांनी शब्दांत दिले नाही, कपड्यांच्या दोरीपाशी दिले आहे, असे मला वाटते.

अँथनी क्वीन (झाम्पानो) आणि रिचर्ड बेसहार्ट (मात्तो) यांनी इंग्रजीत काम केले होते आणि इटालियन आवाज नंतर दुसऱ्यांनी दिले. तरीही क्वीन यांचा झाम्पानो खोटा वाटत नाही, कारण त्याचे बोलणे तसेही पाठ केलेले आहे. प्रत्येक गावात तीच साखळी, तीच सूचना, की दुर्बळ मनाच्या लोकांनी पाहू नये. शेवटच्या खेळात तो तेच शब्द म्हणतो, पण आवाजात जीव उरलेला नाही.

तिठा

आणि जेल्सोमिना हे नाव इटालियन भाषेतल्या जाई-जुईच्या नावावरून आले आहे.

मृण्मयी

स्वरलीन, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तो मला पटतो आणि तरी माझे समाधान होत नाही. धून उरली, पण तिला ती कोणासाठी उरवायची नव्हती, तिला जगायचे होते. जिथे एक दिवसही राहायचे नाही तिथे तिने येताजाता टोमॅटोचे बी पेरले होते.

मी काल रात्री बर्फातला प्रसंग पुन्हा पाहिला. मात्तोला झाम्पानोने ठोसे मारून मारले आहे, आणि जेल्सोमिना दिवसेंदिवस एकच वाक्य म्हणते आहे, 'मात्तोला बरे वाटत नाही.' मग भिंतीच्या आडोशाला, उन्हात, ती जरा शुद्धीवर येते आणि म्हणते, 'मला पळून जायचे होते. त्यानेच मला तुझ्याबरोबर राहायला सांगितले.' अनुस्वार, आपण म्हणालात की मात्तोने तसे थेट सांगितले नाही आणि ते बरोबरही आहे. पण तिने काय ऐकले, ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.

अनुस्वार

मृण्मयीताई, हे वाक्य माझ्या लक्षात नव्हते. आता माझ्या पहिल्या प्रतिसादातले 'निष्कर्ष ती स्वतः काढते' हे विधान मी मागे घेतो. रागाविषयी जे लिहिले त्यावर मात्र ठाम आहे.

त्या वाक्यापाठोपाठ ती काय म्हणते, तेही मी आता जाऊन पाहिले. 'इथे थोडी लाकडे हवीत, आग विझते आहे.' इतके सगळे झाल्यावरही तिला आगीची काळजी आहे.

वाटसरू

सर्वांचे आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर 'आधार' असे निघावे अशी माझी इच्छा होती, हे आता कळते आहे. कृष्णाकाठ आणि मृण्मयी यांचे वाचल्यावर ती इच्छा तशीच्या तशी टिकलेली नाही. मात्तोने तिला जे दिले ते खरे होते आणि तेच तिच्या गळ्याशी आले, असे दोन्ही मला एकाच वेळी मानावे लागत आहे.

आज सकाळी तोच बर्फातला भाग पाहिला. ती झोपलेली आहे. झाम्पानो तिच्या अंगावर पांघरूण सारखे करतो, थोडे पैसे ठेवतो, निघतो, मग थांबतो आणि गाडीतून ट्रम्पेट आणून तिच्या शेजारी ठेवतो. त्यानंतर तो गाडी चालू करत नाही, हाताने ढकलत रस्त्यावर नेतो, कारण इंजिनाच्या आवाजाने ती जागी झाली असती.